बिऱ्हाड कुठे मांडायचं? रीजनल थिएटर की ऑफ-ब्रॉडवे

माझी भाची एमएफए (अभिनयातली मास्टर्स पदवी) उरकून न्यूयॉर्कला आली आणि काही महिन्यांतच तिच्यापुढे दोन कामं एकदम येऊन उभी राहिली. एक मिडवेस्टातल्या रीजनल थिएटरचं: लागोपाठ दोन नाटकं, त्यातलं एक इब्सेनचं आणि त्यात मुख्य भूमिका, राहायची सोय थिएटरची. दुसरं ऑफ-ब्रॉडवेचं: दीडशे खुर्च्या, कोरं नाटक, चार प्रवेश. "मावशी, तू सांग," म्हणत ती जर्सी सिटीत माझ्या स्वयंपाकघरात रात्री साडेअकरापर्यंत बसली होती. मी नटी नाही, वर्षानुवर्षं तिकीट काढून नाटकं बघणारी बाई आहे. पण त्या रात्री आम्ही बराच कीस पाडला. तो आणखी कुणाच्या लेकीच्या उपयोगी पडावा म्हणून इथे मांडते.

आधी एक गैरसमज काढून टाकू. ऑफ-ब्रॉडवे हा पत्त्याचा नाही, खुर्च्यांचा हिशोब आहे. मॅनहॅटनमध्ये 100 ते 499 खुर्च्या असल्या की ऑफ-ब्रॉडवे, त्याच्यावर ब्रॉडवे आणि शंभराच्या आत ऑफ-ऑफ. रीजनल म्हणजे न्यूयॉर्कबाहेरच्या शहरांतली, स्वतःची वास्तू आणि वर्षाची वर्गणी भरणारे प्रेक्षक असलेली ना-नफा थिएटरं. ह्यूस्टनचं अ‍ॅली 1947चं, वॉशिंग्टनचं अरीना स्टेज 1950चं, मिनियापोलिसचं गथ्री 1963चं. यातल्या मोठ्यांची 'लॉर्ट' ही संघटना 1966 साली झाली. आपल्याकडच्या दौऱ्याशी मात्र याची गल्लत करू नका. आपल्याकडे नाटक बसमध्ये घालून गावोगाव नेतात. इथे नाटक जागेवर राहतं, नटी फिरते.

पैशाचं बोलू. आपल्याकडे नटाला 'नाइट' मिळते. इथे इक्विटी या युनियनच्या करारात आठवड्याचा पगार असतो आणि तो तालमीच्या पहिल्या दिवसापासून चालू होतो. आठवड्याला साधारण आठ प्रयोग, एक दिवस सुट्टी, बहुतेक ठिकाणी सोमवारी. लॉर्ट थिएटरांच्या श्रेणी ठरतात तिकीटविक्रीवर, आणि श्रेणीप्रमाणे किमान पगार. ऑफ-ब्रॉडवेलाही थिएटर जितकं लहान तितका आकडा खाली. पण खरी तफावत पगारात नाही, भाड्यात आहे. बाहेरगावच्या नटीला रीजनल थिएटर येण्याजाण्याचं भाडं आणि खोली देतं. न्यूयॉर्कला खोली तुमची तुम्ही बघायची. शिवाय एजंटचे दहा टक्के. आणि एक गोष्ट नव्या मुलींच्या लक्षातच येत नाही: युनियनचा आरोग्यविमा आठवडे मोजून मिळतो. तीन-चार आठवडे तालीम आणि चार-पाच आठवडे प्रयोग, असं प्रत्येक नाटकाचं धरलं तर भाचीच्या रीजनल करारात सरळ पंधरा-सोळा आठवडे गाठीला लागत होते, ऑफ-ब्रॉडवेत त्याच्या निम्मे. विम्याच्या तक्त्यापुढे कला गप्प बसते.

भूमिकांच्या बाबतीत मी रीजनलच्या बाजूने कललेली आहे, हे आधीच सांगते. अठ्ठाविसाव्या वर्षी इब्सेनची हेडा किंवा शेक्सपिअरची रोझलिंड करायला न्यूयॉर्क सहजी कुणाला देत नाही. ओरेगनमध्ये अ‍ॅशलंड नावाचं छोटं गाव आहे, तिथे 1935पासून शेक्सपिअर महोत्सव चालतो. दुपारी एक नाटक, रात्री दुसरं, आणि एकच नटी दोन्हींत. आवाज, श्वास, पाठांतर यांची ती तालीम कुठल्या वर्गात मिळणार?

ऑफ-ब्रॉडवेचं बलस्थान निराळं: कोरं नाटक. लेखक तालमीत बसलेला असतो. तुमच्या तोंडात वाक्य अडलं तर तो रात्री ते बदलून आणतो, आणि नाटक छापलं जातं तेव्हा पहिल्या पानावरच्या नटसंचात तुमचं नाव कायमचं राहतं. आपल्या छबिलदासच्या दिवसांबद्दल ज्यांनी ऐकलंय त्यांना ही हवा ओळखीची वाटेल. तेंडुलकरांचं 'सखाराम बाइंडर' 2004 साली इंग्रजीतून न्यूयॉर्कला आलं तेही अशाच छोट्या थिएटरात, चंपा सरिता चौधुरीने केली होती. आणि इथे कोण बघायला येतं हेही महत्त्वाचं. क्रिस्टोफर स्ट्रीटच्या पाथ रेल्वेच्या स्टेशनातून वर आलं की दोन पावलांवर लुसिल लॉर्टेल थिएटर. जेमतेम तीनशे खुर्च्या. 2024च्या आरंभी तिथे 'ओह, मेरी!' लागलं आणि त्याच उन्हाळ्यात ते ब्रॉडवेवर गेलं. मिनियापोलिसमध्ये तुम्ही कितीही जीव ओतून काम करा, न्यूयॉर्कचे कास्टिंगवाले, म्हणजे नट निवडणारे, मंगळवारी संध्याकाळी उठून तिथे येणार नाहीत.

इथपर्यंत सोपं वाटतं: रीजनलला काम शिकायचं, ऑफ-ब्रॉडवेला दिसायचं. पण मग 'विट' या नाटकाचा प्रवास बघा. कर्करोगाने आजारी असलेल्या प्राध्यापिकेचं नाटक. 1995 साली ते कॅलिफोर्नियातल्या साउथ कोस्ट रेपर्टरीत पहिल्यांदा झालं, तेव्हा भूमिका मेगन कोलने केली. 1997 साली न्यू हेवनच्या लाँग व्हार्फमध्ये कॅथलीन चॅलफंट आली. डोकं पूर्ण भादरून उभी राहिली आणि पुढच्या वर्षी त्याच भूमिकेत ऑफ-ब्रॉडवेला गेली. 1999 साली नाटकाला पुलित्झर मिळालं, चॅलफंटवर बक्षिसांचा पाऊस पडला. आणि 2012 साली ते ब्रॉडवेवर आलं तेव्हा? सिंथिया निक्सन, जिला टीव्हीमुळे घरोघर ओळखत होते. जिने पहिल्यांदा भूमिका उभी केली तिला न्यूयॉर्क नाही, जिने ती न्यूयॉर्कला गाजवली तिला ब्रॉडवे नाही. एकाच नाटकाच्या तीन पायऱ्या आणि प्रत्येक पायरीवर कुणीतरी उतरलेली किंवा कुणीतरी नव्याने चढलेली.

उलटी उदाहरणंही आहेत. शिकागोचं स्टेपनवुल्फ हे थिएटर आपली माणसं घेऊन न्यूयॉर्कला येतं. 1984 साली लॉरी मेटकाफ त्यांच्याबरोबर ऑफ-ब्रॉडवेला आली आणि ओबी हा ऑफ-ब्रॉडवेचा पुरस्कार घेऊन गेली. डीआना डनगनने उमेदीची वर्षं शिकागोच्या रंगभूमीवर काढली. 2007 साली स्टेपनवुल्फचं 'ऑगस्ट: ओसेज काउंटी' ब्रॉडवेवर आलं तेव्हा तिची साठी उलटली होती, आणि 2008चा टोनी, म्हणजे ब्रॉडवेचा मोठा पुरस्कार, तिला मिळाला. जेन हाउडीशेलने गावोगावच्या थिएटरांत दशकं काढली. तिचं 'वेल' हे नाटक 2004 साली पब्लिक थिएटरात ऑफ-ब्रॉडवे झालं, 2006 साली ब्रॉडवेवर, आणि ब्रॉडवेवर पहिलं पाऊल पडलं तेव्हा तिचं वय बावन्न. दहा वर्षांनी टोनी. या बायकांकडे बघून मला धीर येतो. पण भाचीला मी हेही म्हटलं की बावन्नपर्यंत भाडं कुणीतरी भरत होतं.

आता यातली मेख. रीजनलची कामं मिळतात कुठे? बरीचशी न्यूयॉर्कमध्येच. गावोगावची थिएटरं ऑडिशन घ्यायला इथे येतात किंवा इथल्या कास्टिंगवाल्यांना सांगतात. म्हणजे मिडवेस्टात चार महिने काम मिळावं म्हणून क्वीन्समध्ये खोली ठेवायची आणि मग काम मिळालं की ती पोटभाड्याने देऊन निघायचं. बिऱ्हाड पाठीवर, तेही दोन-दोन. न्यूयॉर्क नकोच असेल तर शिकागो, फिलाडेल्फिया किंवा वॉशिंग्टन धरा. तिथे थिएटरांची दाटी आहे, एका गावात राहून वर्षाला तीन नाटकं करता येतात, संसार होतो. फक्त तिथे तुम्ही 'लोकल', म्हणजे खोली मिळणार नाही, आणि मोठी भूमिका न्यूयॉर्कहून आणलेल्या बाईला गेली तर ते गिळावं लागेल. शिकागोच्या नटनट्यांचं हे दुखणं जुनं आहे.

रीजनलचे दिवस पूर्वीसारखे राहिलेले नाहीत, हेही धरून चाला. कोविडनंतर वर्गणीदार पुरते परतले नाहीत, हंगाम आखूड झाले. लॉस एंजेलिसच्या मार्क टेपर फोरमसारख्या थिएटराने 2023 साली काही काळ पडदाच बंद ठेवला. करार हातात आला की आधी विचारा: हंगामातलं दुसरं नाटक पक्कं आहे ना? भाचीच्या वर्गातल्या एका मुलीचं दुसरं नाटक ती तिकडे पोचल्यावर रद्द झालं. थिएटरचं नाव मी घेत नाही.

माझं मत विचाराल तर तिशीच्या आत आणि हातात मोठी भूमिका असेल तर रीजनल, डोळे मिटून. चार प्रवेशांसाठी न्यूयॉर्कला थांबायचं ते नाटक वाचून पोटात गोळा आला तरच. लहान भूमिका आणि मध्यम नाटक, एवढ्यावर "पण न्यूयॉर्क आहे ना" म्हणणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत, प्रयोग संपल्यावर बारमागे उभ्या.

भाची गेली मिडवेस्टला. थिएटरने दिलेल्या फ्लॅटचे फोटो पाठवले: फ्रिजवर आधीच्या नटांनी चिकटवलेल्या चिठ्ठ्या, हीटर कसा लाथ मारून चालू करायचा याची सूचना, आणि कपाटात कुणीतरी ठेवून गेलेली हळदीची बरणी, अर्धी. क्वीन्सची खोली तिने सिअ‍ॅटलहून आलेल्या एका नटीला पोटभाड्याने दिली. त्या मुलीला ऑफ-ब्रॉडवेला काम लागलं होतं, दीडशे खुर्च्या, चार प्रवेश. तेच असेल का, हे मी विचारलं नाही.