शेवंती: काश्या लावाव्यात की शेंडे?

बहर ओसरल्यावर शेवंती बुडाशी चार बोटं ठेवून छाटली, की थोड्याच दिवसांत भोवतीनं काश्या फुटतात. मग प्रश्न पडतो. या काश्या, म्हणजे बुडातून मुळांसकट फुटणारे कोंब (मुनवे), सुटे करून फेब्रुवारी-मार्चमध्येच कुंड्यांत लावायचे, की आहेत तिथेच वाढू देऊन जूनअखेरीस त्यांचे शेंडे कापून नवी रोपं करायची? पुण्यातल्या गच्चीवर मी दोन्ही करून बघितलंय. जात तीच राहते, रंगही तोच. फरक पडतो तो झाडाच्या अंगकाठीत.

काश्यांसारखं सोपं काम नाही. मुळांसकट रोप हातात येतं, सहसा दगावत नाही, आणि देणं-घेणं तर याच रूपात चालतं. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली झिप्री जातीच्या शेवंतीची काशी कोणी दिली तर नाही म्हणवत नाही. ‘जूनमध्ये या, शेंडे देते’ असं सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो. फुलंही काशीच्या झाडाला जास्त येतात, निदान माझ्याकडे तरी आली. मार्गशीर्षातल्या गुरुवारांना बाजारात शेवंतीचे भाव ऐकले की ही बाजू हलकी वाटत नाही.

पण मला नडलं ते या झाडाचं बूड. शेवंती दिवस लहान आणि रात्री मोठ्या झाल्याशिवाय कळी धरत नाही. म्हणजे फेब्रुवारीत लावलेल्या काशीला तोवर नुसतं वाढत राहण्यावाचून दुसरं काम नसतं. शेंडे खुडले तरी खालचे दांडे लाकडी होत जातात. त्यात पावसाळा. थेंब कुंडीतल्या मातीवर आपटून शिंतोडे खालच्या पानांवर उडतात आणि करपा, म्हणजे पानांवरचा बुरशीचा रोग, तिथूनच चढायला लागतो. आधी तपकिरी ठिपके, मग पान पिवळं, मग काळं. बरं, ते गळूनही पडत नाही, दांड्यालाच चिकटून लोंबत राहतं. खालची पानं वेळीच काढली, मातीवर पाचोळा पसरला तर करपा थोडा रेंगाळतो, थांबत नाही. दसऱ्याच्या सुमाराला झाड गुडघ्याच्या वर, खालचा निम्मा भाग उघडाबोडका, वर कळ्यांचा भार. परतीच्या पावसाची एक सर आली की आडवं. मग काठ्या आणि सुतळी. जमिनीतल्या वाफ्यात पुढे काहीतरी बुटकं लावून हे झाकता येतं. कुंडीत काय झाकणार? खुर्ची टाकून बसलं की नजरेच्या रेषेत फुलं नाहीत, ती काळी पानंच येतात.

शेंड्यांना मेहनत जास्त, हे कबूल. तीन बोटं लांबीचा शेंडा, वाकवल्यावर लवत न राहता चटकन मोडणारा. खालची पानं काढून वाळू आणि कोकोपीटच्या मिश्रणात खोचायचा, उजेडात पण थेट पावसापासून लांब. पागोळी पडली तर कुजतो. हवेत ओल असतेच, त्यामुळे दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतात. हलकेच ओढून बघावं, हाताला विरोध जाणवला की समजायचं. काही शेंडे जातात, तेवढे जादा लावावेत. मुळं फुटायची पावडर लावली काय नि न लावली काय, मला तरी फारसा फरक दिसला नाही.

याचा फायदा ऑक्टोबरात कळतो. रोपाचं वयच कमी, त्यामुळे ते आटोपशीर राहतं आणि पानं बुडापर्यंत हिरवी दिसतात. जुन्या मातीतली मर (झाड सुकवणारा रोग) किंवा सूत्रकृमी (मुळांना लागणारे बारीक जंत) सोबत येण्याची धास्तीही कमी, कारण मुळं नवी आणि मातीही नवी. एका झाडावर फुलं थोडी कमी येतात. मी एका कुंडीत तीन-चार रोपं एकत्र लावून ती कसर काढते. शेवटचं खुडणं मात्र ऑगस्टअखेर उरकावं, नाहीतर फुलं लांबतात.

माव्याच्या किडीचा त्रास दोन्हीकडे सारखाच. रस्त्यावरच्या दिव्याचाही. रात्रभर उजेड पडणाऱ्या कोपऱ्यात कुंडी ठेवली तर काशी असो की शेंडा, कळी रुसून बसते.

अंगणात वाफा असेल, किंवा जून-जुलैत घरी कोणी नसेल, तर काश्या लावाव्यात, त्यात कमीपणा काही नाही. गॅलरी-गच्चीवाल्यांना मी शेंडेच सुचवेन. आणि ठरतच नसेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये काश्या लावून टाका. जूनमध्ये झाड भरदार व्हावं म्हणून त्यांचे शेंडे खुडावे लागणारच आहेत. ते केरात न टाकता वाळूत खोचा. नोव्हेंबरात दोन्ही कुंड्या शेजारी ठेवून बघा आणि पुढच्या वर्षीचं तेव्हा ठरवा.