मॅनिफोल्ड स्वतः बदलायचा की गॅरेजला द्यायचा?

"इनटेक मॅनिफोल्ड गेलाय" (म्हणजे सिलिंडरांत हवा वाटून देणारा पाइपांचा जुडगा) हे ऐकल्यावर पाना शोधायच्या आधी बोनेट उघडून तो बसलाय कुठे ते बघा. रेडिएटरच्या बाजूला, समोर, हात जाईल असा दिसला तर घरी करायचा विचार जरूर करा. इंजिनच्या मागे, केबिनच्या पत्र्याला चिकटून असेल तर खालचा बोल्ट आरशात बघून काढावा लागतो. अशा जागी मी गॅरेजलाच मत देईन.

पण मुळात दोष मॅनिफोल्डचाच आहे का? आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) आरपीएम खालीवर होतो, बारीक शिट्टी येते, स्कॅनर पी०१७१ हा 'पेट्रोल कमी, हवा जास्त'चा कोड दाखवतो, म्हणजे कुठून तरी फुकटची हवा आत जातेय. पेट्रोल पुरतं जळायला वजनानं साधारण १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल लागतं. हवा वाढली की इंजिन अडखळतं. हीच लक्षणं एखादा रबरी व्हॅक्यूम पाइप चिरला तरी दिसतात, आणि तो बदलणं पाच मिनिटांचं काम. इंजिन चालू ठेवून, वायरिंग आणि कॉइल सांभाळून, जोडावर साबणाचं पाणी थोडंथोडं फवारा. आवाज बदलला तर गळती तिथेच. डिझेल गाडीत मात्र बऱ्याचदा मॅनिफोल्ड धड असतो, आत ईजीआरची (जळलेला धूर थोडा परत इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेची) काजळी साचलेली असते. तो नुसता साफ केला तरी भागतं.

घरी करायचं तर पहिल्या खेपेला अख्खा रविवार धरा. बॅटरीची निगेटिव्ह काढा. फ्युएल रेल (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणारी नळी) हलवायची असेल तर बॅटरी काढायच्या आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, नाहीतर दाबातलं पेट्रोल अंगावर. मॅनिफोल्ड सुटला की पोर्टांत (हवा आत जायच्या भोकांत) स्वच्छ फडकी कोंबा, कारण आत पडलेला एक वॉशर हेड (सिलिंडरांवरचं झाकण) उघडायला लावतो. खरी परीक्षा शेवटी असते. हेड ॲल्युमिनियमचं, त्याचे आटे नाजूक. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेनं, दोन फेऱ्यांत, मॅन्युअलमधल्या टॉर्कवरच आवळायचे. टॉर्क रेंच (किती जोरानं आवळलं ते मोजणारा पाना) नसेल आणि उसनाही मिळत नसेल, तर हा नाद सोडा.

गल्लीतल्या मेकॅनिकचा हात बसलेला असतो, मजुरीही बेताची. फक्त रबरी गॅस्केटवर (जोडातून गळू नये म्हणून मध्ये बसणाऱ्या पट्टीवर) सिलिकॉनची पेस्ट थापू देऊ नका. 'डबल सेफ्टी' म्हणून ते हमखास थापतात. सर्व्हिस सेंटरला मजुरी जास्त, आणि गॅस्केटवर भागणार असेल तरी पूर्ण असेंब्लीचं कोटेशन येऊ शकतं. नेमकं काय तुटलंय ते दाखवा म्हणावं. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र मुकाट्यानं तिकडेच जा.

अमेरिकेत १९९६ ते २००१ मधली ४.६ लिटर व्ही८ फोर्ड क्राउन व्हिक्टोरिया वापरणाऱ्यांचा हिशेब वेगळा. तिच्या नायलॉनच्या मॅनिफोल्डमधून कूलंटही जातं आणि पुढचा भाग तिथेच तडकायचा. नंतरच्या मॅनिफोल्डांत तो भाग ॲल्युमिनियमचा आला, तोच घ्या. तिथे इंजिनच्या डोक्यावरच काम असल्यानं हात सहज जातो, पण कूलंट काढणं, भरणं आणि हवा बाहेर घालवणं हे काम वाढतं.

घरी केलंत तर गेटबाहेर पडण्याआधी ब्रेक तपासा, कारण बऱ्याच पेट्रोल गाड्यांत बूस्टरचा (ब्रेकला जोर देणाऱ्या डब्याचा) पाइप मॅनिफोल्डवरच असतो. इंजिन बंद असताना पेडल चार-पाचदा दाबा, मग दाबून धरूनच स्टार्ट मारा. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. नाही गेलं, तर तो पाइप लावायचा राहिलाय.