थ्रेडलॉकरची बाटली काठोकाठ भरलेली असेल तर घेऊ नका

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला आमचं यंत्रमाग दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. टॉवेलचे माग सतत हादरे खातात, त्यामुळे महत्त्वाच्या नटबोल्टला थ्रेडलॉकर, म्हणजे नट ढिला होऊ नये म्हणून आट्यांवर लावायचा चिकट द्रव, लावल्याशिवाय आम्ही माग ताब्यात देत नाही. या उन्हाळ्यात एका दुकानातून लॉक्टाइट 243 या निळ्या थ्रेडलॉकरच्या 50 मिलीच्या बाटल्या घेतल्या. लेबल, बॅच नंबर, तारीख, सगळं जागच्या जागी. आत मात्र निळा रंग घातलेलं तेलासारखं काहीतरी.

दुरुस्त करून दिलेला माग लगेच पुन्हा बंद पडला. पिकिंगचा, म्हणजे शटल (धोटा) फेकणाऱ्या यंत्रणेचा, नट ढिला झाला, शटल मध्येच अडकलं आणि ताण्याचे उभे धागे भसाभस तुटले. ते जोडण्यात विणकराची मजुरी बुडाली. नट उघडला तर आट्यांमध्ये निळा ओला थर, चिंधीने पुसला की साफ. खऱ्या मालात असं होत नाही. चोवीस तासांनी बोल्ट उलटा फिरवला की आधी जोर लागतो, मग तो तुटल्यासारखा सुटतो आणि आट्यांत पांढुरका कोरडा भुगा दिसतो. नटाच्या बाहेर आलेला थेंब मात्र खऱ्याचाही ओलाच राहतो, त्यावरून निवाडा करू नका.

दुकानदाराकडे गेलो तर म्हणाला, "मालक, सोलापूरचं ऊन आहे. तुम्ही पत्र्याखाली ठेवलं असणार, माल खराब होणारच." इथेच बरेच जण गप्प बसून परत येतात. म्हणून हे लिहितोय.

थ्रेडलॉकर हवेत पातळ राहतं. हवा तुटली आणि धातूचा स्पर्श झाला की घट्ट होतं. उन्हाने बिघडलं तर ते सहसा बाटलीतच दाटतं, गुठळ्या धरतं. पाण्यासारखं पातळ राहून कधीच न धरणं हा उन्हाचा दोष नव्हे. थ्रेडलॉकर हवेतच पातळ राहतं, म्हणून कंपनी बाटली कधी पूर्ण भरत नाही, आत हवा राहावी म्हणून मुद्दाम जागा सोडते. आमच्या बाटल्या गळ्यापर्यंत भरलेल्या होत्या. नोझलचं टोकही एकदा कापून पुन्हा वितळवून बंद केलेलं, भिंगाखाली काळपट कड स्पष्ट दिसली.

आरोप करण्याआधी आम्ही तपासणी पक्की केली. झिंक प्लेटिंगच्या आणि स्टेनलेसच्या बोल्टवर खरं थ्रेडलॉकरही उशिरा धरतं, फार तेलकट आट्यांवर त्याची पकडही कमी होते. म्हणून साधे लोखंडी नटबोल्ट अॅसिटोनने धुतले आणि जुन्या खात्रीच्या बाटलीतला माल शेजारी लावून पाहिला. दुसऱ्या दिवशी खात्रीच्या मालाला पाना लावावा लागला, या दुकानाच्या मालाचा नट बोटांनी फिरला. नोटा तपासायच्या अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली खरं 243 चमकतं, हे मख्ख राहिलं.

साठवण चोख असेल तर दुकानदाराला बोलायला जागाच राहत नाही. कंपनी 8 ते 21 डिग्री सांगते, 28 च्या वर नको. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये ते शक्य नाही. त्यामुळे छोट्या बाटल्या घ्या, घरातल्या थंड कपाटात ठेवा, उघडल्याची तारीख मार्करने लिहा. वाटीत काढलेलं उरलं तर परत बाटलीत ओतू नका. लोखंडाचा कीस आत गेला की सगळी बाटली आवळते. सुपरग्लूचं उलट, त्याला दमट हवा घट्ट करते. न उघडलेली ट्यूब सिलिका जेलची पुडी घालून हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये ठेवा आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर आत पाणी धरतं.

आमच्याकडे पक्कं बिल होतं म्हणून 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता आली. दुकानदार "तुम्ही धंदेवाले, ग्राहक नाही" म्हणेल. पोटापाण्यासाठी स्वतः काम करणाऱ्याला 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकच मानलं आहे, हे त्याला ऐकवा. कच्च्या चिठ्ठीवर थोडं स्वस्त मिळतं, पण त्यावर भांडणं अवघड जातं. बिलावरचा 15 अक्षरी जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून नाव जुळतं का तेही बघा.

आणि रिकाम्या बाटल्या भंगारात तशाच देऊ नका. नोझल कापा, बाटलीला आरपार भोकं पाडा, लेबल फाडा, म्हणजे त्यात कुणाला नकली माल भरून विकता येणार नाही.