पॉइंटवालं क्रेडिट कार्ड, एक वर्ष वापरून: पाचशे मिळाले, ११६.८२ गेले, आणि पुढचा हिशेब

आधी ११६ रुपये ८२ पैशांचं सांगते. त्याच्यासाठीच हे लिहायला बसले.

मार्चमध्ये माझ्या कार्डाला वर्ष झालं. ॲपमध्ये २,३१२ पॉइंट दिसत होते. बिलातून वजा करून घ्यायचे तर पॉइंटाला २५ पैसे, आणि तेही २,००० च्या पटीतच. मी २,००० दिले, ५०० रुपये वजा झाले. खोटं कशाला बोलू, त्या रात्री घरात कुंदा आला, आमच्या बेळगावची मिठाई. पुढच्या बिलात दोन ओळी होत्या: रिडेम्प्शन फी ९९, त्यावर जीएसटी १७.८२. माझेच पॉइंट माझ्या हातात ठेवायची हमाली. ९९ मी एकवेळ गिळले असते. ते १७.८२ घशाखाली उतरत नाहीत. बक्षीस दिलं म्हणून फी, आणि फी घेतली म्हणून कर! मशीनवर बसले की पायाच्या तालावर तेच चालू होतं, सतरा ब्याऐंशी, सतरा ब्याऐंशी.

माझं बेळगावातल्या शहापुरात ब्लाउज शिवायचं आणि फॉल-पिकोचं छोटं दुकान आहे. हे उद्यमबागेत कामाला, मुलगी पुण्यात शिकते. खर्चाची वही मी लग्नापासून लिहिते, त्यामुळे खालचे आकडे अंदाजाचे नाहीत. कार्ड कुठल्या बँकेचं ते लिहीत नाही, अजून भांडण मिटलेलं नाही. पहिलं वर्ष फुकट, पुढे ४९९ अधिक जीएसटी, वर्षात लाखाचा खर्च झाला तर माफ. दर १५० रुपयांना २ पॉइंट, ऑनलाइन खरेदीला पाचपट. असली कार्डं आता सगळ्यांच्याच पाकिटात आहेत.

कार्ड हातात पडायलाच महिना गेला. आधारवर ‘बेळगावी’, बँकेच्या जुन्या खात्यात ‘बेलगाम’, आणि मी फोनवर सांगते ‘बेळगाव’. शहराचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं, पण त्यांचा संगणक अजून ठरवतोय. पत्ता जुळत नाही म्हणून पाकीट एकदा परत गेलं. गल्ली तीच, घर तेच, पोस्टमन तर मला माहेरच्या नावानं ओळखतो.

आता त्या १५० च्या भानगडीकडे येते. जाहिरातीत ‘दर १५० ला २ पॉइंट’ वाचलं की वाटतं, बरं आहे की. पण बिल १४९ झालं तर शून्य. २९९ झालं तरी दोनच, चार नाहीत. आमच्यासारख्यांची खरेदी कसली? दोऱ्याची रिळं ११०, अस्तर २८०, हुकाचं पाकीट ४०. दुकानांतून वर्षात मी ४५,२०० रुपयांची खरेदी कार्डावर केली. सलग हिशेब धरला तर ६०२ पॉइंट व्हायला हवेत, जमा झाले ५४८. उरलेले ५४ शेपटात गेले. साडेतेरा रुपये. हसा, पण मी त्या शेपटापायी काय काय केलं ते ऐका. रविवार पेठेत एकदा बिल १३८ झालं. बारा रुपयांसाठी दोन पॉइंट जातात म्हणून मी काउंटरवरून लिंबाच्या लोणच्याची ३५ रुपयांची पुडी उचलली. घरी येऊन वहीत लिहिताना कळलं, ५० पैशांसाठी ३५ रुपये. घरात लिंबाचं लोणचं मी स्वतः घातलेलं, बरणी भरून. ती पुडी अजून फळीवर आहे. मी ती मुद्दाम ठेवलीये.

मोठ्या दुकानांतही सगळं सरळ नाही. गणपत गल्लीत मिक्सर घ्यायला गेले, कार्ड काढलं, तर मालक म्हणाले, “वैनी, कार्डाला दोन टक्के वर पडतील बघा.” मला पॉइंटातून मिळणार एक तृतीयांश टक्का, आणि देणार दोन टक्के. रोख दिले. त्यांच्यावर रागवायचं कारण नाही. मशीनवर कार्ड घासलं की बँक दुकानदाराकडून साधारण तेवढे कापते. त्याच कापलेल्या पैशातला चिमूटभर मग पॉइंट म्हणून आपल्या हातावर येतो. मीसुद्धा माझ्या दुकानात मशीन घेतलेलं नाही, क्यूआर आहे तेवढा पुरे.

पण त्याच क्यूआरमुळे माझं मत एकदा फिरलं, तेही लिहायला हवं. माझं कार्ड रुपे आहे हे मला पाच महिने माहीत असून नसल्यासारखं होतं. मुलगी दिवाळीला आली, तिनं कार्ड यूपीआय ॲपला जोडून दिलं. रुपेचं क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडायची सोय २०२२ पासून आहे म्हणे. तेव्हापासून मारुती गल्लीतल्या लेसवाल्याकडे, औषधाच्या दुकानात, क्यूआरवर क्रेडिट कार्डानं पैसे. छोट्या दुकानदाराला २,००० पर्यंत त्याचा भुर्दंड नाही, त्यामुळे कुणी तोंड वाकडं करत नाही. भाजीवाल्या मावशीकडे मात्र चालत नाही. त्यांचा क्यूआर मुलाच्या खात्याचा, व्यापाऱ्याचा नव्हे. क्रेडिट कार्ड फक्त व्यापाऱ्याच्या क्यूआरला लागतं. चाळीस रुपयांच्या मेथीला तसेही पॉइंट कुठले, म्हणून वाईट वाटलं नाही.

आणि खरा फायदा? तो पॉइंटांत नाहीच, तारखांत आहे. माझं बिल १८ तारखेला बनतं, पैसे ८ तारखेपर्यंत भरायचे. १९ एप्रिलला घेतलेल्या अस्तराचे पैसे ८ जूनला, म्हणजे पन्नास दिवस बिनव्याजी. तेच १७ मे ला घेतलं तर बावीसच दिवस. लग्नसराईत हे सोन्यासारखं आहे. नवरीकडच्यांचे बारा-पंधरा ब्लाउज एकदम येतात. अस्तर, लटकन, कॅनव्हास सगळं आधी माझ्या खिशातून, आणि शिलाई मिळते लग्न उरकल्यावर, पुष्कळदा पूजाही झाल्यावर. पूर्वी यासाठी मी पिग्मी, म्हणजे रोजची थोडीथोडी बचत, मोडायची. पिग्मीवाले काका रोज संध्याकाळी दारात, त्यांना ‘या महिन्यात काढते’ म्हणताना लाज वाटायची. यंदा एप्रिल-मे दोन्ही महिने पिग्मीला हात लावला नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी मी या कार्डाला चांगलं म्हणेन. तुमची बिलाची तारीख अडचणीची असेल तर बदलून मागता येते, रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. मी मागितली नाही, मला १८ च सोयीची.

हेच दिवस माझ्या जावेला महाग पडले. तिचं कार्ड दुसऱ्या बँकेचं, माझ्यापेक्षा जास्त पॉइंटांचं. गणपतीत २०,००० चं बिल झालं. खाली ‘किमान देय १,०००’ लिहिलेलं, तिनं हजार भरले आणि सुटले म्हणाली. महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाचे ४२. नुसत्या १९,००० वर महिन्याचं ६६५ व्याज, वर अठरा टक्के जीएसटी ११९.७०. शिवाय व्याज खरेदीच्या तारखेपासून लागलं, आणि पुढच्या महिन्यात जे घेतलं त्यालाही बिनव्याजी दिवस मिळाले नाहीत. किमान भरलं की ती सवलतच जाते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तीन महिने ती त्यात रुतली होती. शेवटी सोसायटीतून सोनं ठेवून कर्ज काढलं आणि कार्ड मोकळं केलं. मला ५०० मिळाले म्हणून मी कुंदा आणला, त्याच्या थोडं आधीची ही गोष्ट. बँक मला फुकट का देते याचं उत्तर मला तिच्या बिलात दिसलं. कुंदा तिच्याही घरी पाठवला होता. ते आता आठवलं की कसंतरी होतं.

पेट्रोलचं थोडक्यात. आमची जुनी ओम्नी आहे. कोल्हापूरला अंबाबाईला जाताना कोगनोळीच्या, म्हणजे राज्याच्या सीमेवरच्या नाक्याच्या, अलीकडेच टाकी भरायची, हा इकडचा शिरस्ता, कारण नाका ओलांडला की दर वाढतो. कार्डानं भरलं की एक टक्का सरचार्ज लागतो आणि तो परत मिळतो, पण एका वेळी ४०० ते ५,००० च्या दरम्यान भरलं तरच. पॉइंट शून्य. वर्षात १४,२०० चं पेट्रोल भरलं. १४२ सरचार्ज परत आला, त्यावरचा जीएसटी २५.५६ आला नाही. म्हणजे रोख भरलं असतं तर २५ रुपये वाचले असते.

इथपर्यंत लिहून आठ दिवस ठेवून दिलं होतं, तेवढ्यात पुढचं बिल आलं. वार्षिक फी ४९९, जीएसटी ८९.८२, एकूण ५८८.८२. माझा वर्षाचा खर्च १,१२,४००. मग माफ का नाही? तर पेट्रोल त्या लाखात धरत नाहीत. १,१२,४०० तून १४,२०० गेले, राहिले ९८,२००. अठराशे रुपये कमी!

फोन लावला. यंत्रावर कन्नड, इंग्रजी, हिंदी. कन्नड दाबलं. कन्नड मला चांगलं येतं, अर्धी गिऱ्हाइकं कन्नडच आहेत, त्याचं काही नाही. पण पैशाचं भांडण आईच्या भाषेत जसं रंगतं तसं दुसऱ्या भाषेत रंगत नाही. पलीकडून बेंगळुरूच्या पद्धतीचं कोरडं “आगल्ल मॅडम.” आमच्याकडचा असता तर निदान “आगंगिल्लरी” म्हणाला असता, नकाराला ‘री’ तरी लावला असता. तीन वेळा फोन, तीन वेळा ‘आगल्ल’. चौथ्या वेळी मी म्हटलं, कार्ड बंद करा, तक्रार नंबर द्या. थकबाकी नसेल तर अर्ज दिल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत बंद करावं लागतं, नाहीतर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. हा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम मुलीनं मला कागदावर लिहून दिला होता, तो मी कन्नडमध्ये वाचून दाखवला. पलीकडे जरा शांतता, मग दुसरी बाई आली, गोड आवाजाची. दोन मिनिटांत फी माफ. चार दिवसांनी ५८८.८२ जमा, जीएसटीसकट.

त्या दिवशी माझ्या मनात या बँकेला पाचपैकी चार होते. लगेच विचारलं, मग ते ११६.८२? गोड बाई म्हणाल्या, “अदु आगल्ल मॅडम.” चाराचे तीन केले. लेखी तक्रार टाकली आहे. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. आमच्या यांचं म्हणणं, सतरा रुपयांसाठी लोकपाल? सतरा नाही हो, ११६.८२.

तक्रारीसाठी वर्षाची सगळी बिलं पुन्हा काढली आणि तिथे एक गोष्ट सापडली, जी मी स्वतः वर्षभर पाहिली नव्हती. मुलीच्या कॉलेजची फी १६,००० चे दोन हप्ते, कॉलेजच्या पोर्टलवर कार्डानं भरले. ४२४ पॉइंट मिळाले, म्हणजे १०६ रुपये, म्हणून खूश होते. पोर्टलनं क्रेडिट कार्डाला एक टक्का ‘सोय शुल्क’ लावलं होतं: ३२० आणि जीएसटी ५७.६०, एकूण ३७७.६०. यूपीआयनं बँक खात्यातून भरली असती तर एक पैसा लागला नसता. पावतीवर लिहिलेलं होतं, मी खालचा आकडा वाचलाच नाही. ११६.८२ साठी महिनाभर धुमसले आणि ३७७.६० हसत हसत दिले.

तर हिशेब असा. मिळाले ५००. रिडेम्प्शन ११६.८२, कॉलेज ३७७.६०, पेट्रोल २५.५६ वजा. राहिले उणे १९ रुपये ९८ पैसे. बिलाचे पैसे महिनाभर खात्यातच राहिले, त्याचं बचत खात्याचं व्याज अडीच टक्क्यांनी धरलं तर अडीचशेच्या आसपास होतं, ते जमेला. लोणच्याची पुडी धरलेली नाही.

उरलेले ३१२ पॉइंट तसेच पडून आहेत. किंमत ७८ रुपये. २,००० भरत नाहीत म्हणून बिलातून वजा होत नाहीत, आणि झाले असते तरी काढायला लागले असते ११६.८२. कॅटलॉगमध्ये पॉइंटाला २० च पैसे, आणि ज्या दुकानाचं कूपन देतात ते हुबळीला.

कार्ड मी ठेवलंय, लग्नसराईसाठी. कॉलेजची फी आता खात्यातून, पेट्रोल रोखीनं, आणि बिल १३८ झालं तर १३८. बँकेचा परवा पुन्हा फोन होता, घरातल्यांना ॲड-ऑन कार्ड फुकट देतो म्हणून. हे लगेच तयार, स्कूटरला पेट्रोल टाकायला बरं म्हणाले. मी नको म्हटलं. हे पंपावर एका वेळी दोनशेचंच टाकतात.