जुन्या वाड्याचे सागवानी खांब म्हणून आमच्या घरात बाभूळ आली

सोलापुरात सध्या नवीन घराला वाड्यासारखं रूप द्यायची हौस वाढली आहे. जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड, जिकडे बघावं तिकडे बंगल्यांच्या दिवाणखान्यात खांब, कडीपाटाचं छत, पितळी कड्यांचा झोपाळा दिसतो. हौस चांगलीच आहे. पण या हौसेवर टपून बसलेली माणसंही आहेत. त्यांनी आमचे पैसे खाल्ले, तुमचे जाऊ नयेत म्हणून सगळं सविस्तर लिहिते. आमचं हे काम करणाऱ्या ठेकेदाराचं नाव घेत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगासमोर आहे.

माझ्या सासूबाईंचं लहानपण पंढरपूरच्या वाड्यात गेलं. नव्या घरात निदान ओसरीचा भास व्हावा, एक देवळी असावी, झोपाळा असावा, एवढीच त्यांची इच्छा होती. ठेकेदाराने ते बरोबर हेरलं. पंढरपुरात एक वाडा पाडला गेलाय, त्याचे खांब आणि तुळया माझ्याकडे आल्यात, असं त्याने सांगितलं. मोबाइलवर फोटो दाखवले. त्याच्या कारखान्यात एक खांब उभा करून ठेवला होता, तो खरोखर सागवानी होता. बाकीचा माल गोदामात आहे, पुण्याची पार्टी मागे लागली आहे, दोन दिवसांत सांगा, असा तगादाही त्याने लावला. खांब, छत, झोपाळा आणि भिंतीवरचं सगळं मिळून 4 लाख 80 हजार ठरले आणि 3 लाख आगाऊ घेतले. पावती म्हणून वहीतला एक कागद दिला, त्यावर फक्त ‘जुने लाकूड काम’ लिहिलेलं. पक्कं बिल मागितलं की ‘काम झाल्यावर एकदमच देतो ना ताई’ हे उत्तर ठरलेलं.

खांब आले तेव्हा ते उचलायला चार माणसं लागली. ‘बघा वजन, अस्सल साग आहे,’ तो म्हणाला. हे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण ते साफ खोटं आहे. सागाचं वजन घनमीटरला साधारण साडेसहाशे किलो भरतं. बाभूळ त्याहून जड असते आणि आपल्या भागात ती हवी तेवढी मिळते. म्हणजे जडपणा हा सागाचा पुरावा नाहीच.

भांडं फोडलं ते सोलापूरच्या उन्हाने. एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला आणि दोन खांबांना वरपासून खालपर्यंत भेगा पडल्या, बोट जाईल एवढ्या. शंभर वर्षं वाड्यात उभं राहिलेलं लाकूड कधीच सुकून बसलेलं असतं, ते एका उन्हाळ्यात असं फाटत नाही. फाटतं ते ओलं कापलेलं लाकूड. आमच्या ओळखीच्या सुतारमामांना बोलावलं. त्यांनी खांबाच्या मागच्या बाजूला, तळाशी, रंधा फिरवला. वरचं काळपट पॉलिश निघालं आणि आतून लालसर, तेलकटपणा नसलेलं लाकूड दिसलं. ‘ताई, ह्ये साग न्हाई. वास घिऊन बघा की,’ ते म्हणाले. मग आपल्या पिशवीतला सागाचा तुकडा रंधून माझ्या हातात दिला. सोनेरी रंग, बोटाला किंचित तेलकट स्पर्श आणि चामड्यासारखा वास. खांबाला यातलं काहीच नव्हतं.

त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. खांबावर ‘जुन्या खिळ्यांची’ भोकं होती. लोखंडी खिळा सागात वर्षानुवर्षं राहिला की गंजतो आणि भोकाभोवती लाकूड काळं पडतं. आमच्या खांबांची भोकं आतून स्वच्छ होती, ड्रिलने पाडलेली. कडेचे ओरखडे साखळीने बडवून काढलेले. हा जुनेपणा महिना-दोन महिन्यांत कारखान्यात तयार झालेला होता. सासूबाई त्या खांबाला टेकून बसायच्या, आपल्या माहेरच्या वाड्याचाच असेल कदाचित म्हणायच्या. मला पैशांपेक्षा हे जास्त लागलं.

छताच्या तुळया बोटाने वाजवल्या तर पोकळ निघाल्या. प्लायवूडच्या पेट्या, वरून विनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा. घरात अशा पेट्या लावण्यात गैर काहीच नाही, छतावर वजनही येत नाही. पण मग दरही पेटीचा लावायला हवा. आमच्याकडून भरीव सागाचा, घनफुटाच्या हिशेबाने घेतला.

झोपाळ्याच्या कड्यांवर हत्ती, मोर सुंदर होते. ‘लॅकर मारलंय, घासू नका’ असं त्याने बजावलं होतं. दसऱ्याला सासूबाईंनी सवयीने चिंच लावून घासल्या आणि मोराच्या मानेवरून पिवळा रंग निघून खाली करडं लोखंड दिसलं. पितळेला लोहचुंबक चिकटत नाही, आमच्या कड्यांना फ्रिजवरचं चुंबक टपकन चिकटलं. दुकानात जाताना पर्समध्ये एक चुंबक ठेवा, चिकटलं तर ते पितळ नाही.

सगळ्यात राग आला तो वॉल हँगिंगचा. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, विणलेली वॉल हँगिंग मिळतात, त्यासाठी या गावाचं नाव आहे, आणि या माणसाने सोलापुरातच सोलापूरकराला ‘हातमागाचं’ म्हणून छापील कापड विकलं. उलटून पाहिलं की कळतं. विणलेल्याच्या मागे तीच नक्षी उलट्या रंगांत दिसते, धागे दिसतात. छापलेल्याची मागची बाजू फिकट असते.

शहाबादी फरशी तेवढी अस्सल निघाली, कारण ती आम्ही परस्पर आणली होती. तिची खूण सोपी आहे. तो चुनखडीचा दगड, त्यामुळे तुकड्यावर लिंबाचा थेंब ठेवला की डाग उठतो. छापील टाइलवर काही होत नाही.

काम करून घेणार असाल तर दरपत्रकात लाकडाची जात, भरीव की विनियर, घनफूट आणि पितळेचं वजन लिहून घ्या. माल चढवण्याआधी प्रत्येक खांबाचं टोक कापून बघा, फक्त नमुन्याचं नको. बिल द्यायला नकार देणं हीच 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, त्यामुळे ‘बिल नाही तर तक्रार नाही’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. बँकेतून दिलेले पैसे आणि व्हॉट्सॲपवरचे संदेश पुरावा म्हणून जपून ठेवा. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे, आणि 1915 या क्रमांकावर आधी विचारपूस करता येते. आम्ही सुतारमामांचं लेखी मत आणि रंधलेल्या भागाचे फोटो तक्रारीला जोडले आहेत.

तक्रार केल्यावर त्याने 50 हजार परत देतो, मागे घ्या, असा निरोप पाठवला. आम्ही नाही म्हटलं. तोच माणूस अजून गिऱ्हाईकं गाठतो आहे, आणि आमच्या ओळखीतल्या एका घरी त्याने तेच फोटो दाखवले. दगडी चौथरा, दिंडी दरवाजा अर्धा उघडा, डाव्या बाजूला भिंतीला टेकवलेली निळी सायकल. हा फोटो तुम्हाला कुणी दाखवला तर एक रुपयाही देऊ नका.