ओपिनेल ८ नंबर, कार्बन पात्याचा: आंब्याचा हंगाम आणि कोकणातला पावसाळा पाहिल्यानंतर

कोकणात कार्बन स्टीलचा चाकू घेऊ नकोस, पहिल्याच पावसात गंजून जाईल, असं मला ज्यानं त्यानं सांगितलं होतं. दिवाळीपासून हा चाकू रोज माझ्या खिशात आहे आणि आता श्रावण संपत आलाय. पातं ठणठणीत आहे. त्रास दिला तो लाकडी मुठीनं, आणि त्याबद्दल घेण्याआधी मला कुणीच बोललं नव्हतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी चाकूची ओळख. फ्रान्सच्या साव्हुआ भागात, आल्प्सच्या डोंगरात, जोसेफ ओपिनेल नावाच्या तरुणानं १८९० मध्ये हा घडीचा चाकू बनवला. वडील शेतीची हत्यारं घडवणारे, त्यामुळे लोखंड घरचंच. १८९७ मध्ये १ ते १२ अशी मापं ठरली. आज त्यातले १ आणि ११ निघत नाहीत. पात्यावर मुकुट आणि आशीर्वाद देणारा हात कोरलेला असतो. तो हात जवळच्या सें-जाँ-द-मोरियेन गावाच्या चिन्हातला, बाप्तिस्मा देणाऱ्या संत योहानाचा, आणि मुकुट साव्हुआच्या जुन्या सरदारकीचा. ही खूण १९०९ पासूनची. शेतकरी, गुराखी, द्राक्षमळ्यातले मजूर यांच्यासाठी केलेली ही वस्तू लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयानं १९८५ मध्ये सुंदर वस्तूंच्या निवडीत घेतली. मला ते पटतं, कारण काढून टाकावं असं या चाकूत काहीच नाही. एक पातं, बीच लाकडाची मूठ, आरपार ठोकलेला रिव्हेट आणि पातं कुलूपबंद करणारं पोलादी कडं. वजन पन्नास ग्रॅमच्या आत. लेंग्याच्या खिशात असला तरी खिसा ओढला जात नाही.

८ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटर. पातळ आहे, आणि पाठीकडून धारेकडे हलक्या फुगवट्यानं निमुळतं होत जातं. हाच त्याचा मोठा गुण. जाड पात्याचे चाकू आंब्यात शिरताना फोड दुभंगतात. हा सरळ उतरतो. खताच्या गोणीची शिवण, सुंभ, ठिबकची नळी, पेट्यांच्या पट्ट्या, खोके ही रोजची कामं. मे महिन्यात झाडाखाली कैरी चिरून मीठ-तिखट लावून खाणं हे त्याहून आवडतं काम.

कार्बन पात्याची गंमत कैरीनंच कळते. नवं पातं चकचकीत होतं. पहिल्या कैऱ्यांनी त्यावर राखाडी-निळसर डाग पडले, आणि फोडींनाही जरा लोखंडाची चव आली. कांदा, कैरी, लिंबू असं चिरत गेलो तसे डाग एकमेकांत मिसळले आणि सगळं पातं एकसारखं करडं झालं. हा थर घासून काढायचा नाही. तो बसला की लाल गंज सहजासहजी धरत नाही आणि चवही येत नाही. माझा नेम इतकाच: काम झालं की पातं पुसून कोरडं करायचं, रात्री खोबरेलाचं बोट फिरवायचं. जुनं खोबरेल खवट होतं, म्हणून ताजंच घ्यायचं. ऐन आषाढात भिंतींना बुरशी आली, पण पात्यावर रिव्हेटजवळ एक लाल ठिपका दिसला तेवढाच, तोही चिमूटभर राखेनं गेला.

धारेबद्दल मला भरभरून लिहावंसं वाटतं. बारीक दाण्याच्या दगडावर थोडं पाणी टाकून पातं दोन्ही बाजूंनी हलक्या हातानं फिरवलं, मग चामड्याच्या जुन्या पट्ट्यावर उलटं ओढलं, की वर्तमानपत्राचा कागद आवाज न करता कापला जातो. हे पोलाद दगड पटकन धरतं. कार्बनचं प्रमाण साधारण ०.९ टक्के. धार महिनोन्‌महिने टिकते असं नाही, बारदान कापलं की मंदावते. पण पाजळायला चहा उकळेपर्यंतचा वेळ पुरतो, आणि मला ते कामच आवडतं.

आता मूठ. पातं ज्या खाचेत मिटतं ती खाच लाकडातच कापलेली आहे, आत धातूच्या पट्ट्या नाहीत. हवेतला ओलावा वाढला की लाकूड फुगतं आणि खाच पात्याला आवळते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पातं नखानं उघडेना. आमच्याकडे कलमं बांधायला येणारे आप्पा मूठ हातात घेऊन म्हणाले, "पातं बरं आहे रे, पण हे लाकूड पाणी पिणार." साव्हुआत यावर जुनी युक्ती आहे. कड्याचं कुलूप काढून मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर किंवा दगडावर ठोकायचं, की पात्याचं टोक चिमटीत धरण्याइतकं वर येतं. ती चालते. पण भर पावसात, हातात दोरी असताना, दर वेळी कोण ठोकत बसणार?

पावसानं उघडीप दिली तेव्हा चाकू चार दिवस तांदळाच्या डब्यात ठेवून सुकवला, मुठीचं व्हार्निश पॉलिश पेपरनं काढलं, खाचेत पेपरची घडी घालून आतूनही घासलं, आणि जवसाचं तेल दिलं. पातळ हात, पुसून घ्यायचं, नीट वाळू द्यायचं, मग पुढचा हात. घाई केली तर मूठ चिकट राहते. एक गोष्ट गांभीर्यानं घ्या: जवसाच्या तेलाचा बोळा चुरगळून टाकू नका, तो आपोआप तापून पेटू शकतो. पसरून वाळवा. त्यानंतर पातं जरा अडखळतं, पण उघडतं. पाण्यात मात्र आजही बुडवत नाही.

कड्याला व्हिरोब्लॉक म्हणतात. ते १९५५ मध्ये मार्सेल ओपिनेल यांनी काढलं. उघडल्यावर कडं फिरवलं की पातं बोटांवर मिटत नाही. २००० पासून मिटलेल्या अवस्थेतही कुलूप लागतं, त्यामुळे खिशात उघडण्याची भीती नाही. पण उघडायला दोन्ही हात लागतात. फांदीवर एक हात असेल तर हा चाकू उपयोगाचा नाही.

कोय कलमासाठी, म्हणजे आंब्याच्या कोवळ्या रोपावर काडी जोडायला, मी तो वापरत नाही. त्या कापाला एका बाजूनं सपाट असलेलं पातं लागतं. फणस तर याने अजिबात कापू नका. खाचेत चीक गेला की तो काढताना जीव जातो.

खिशात ठेवताना नियम पाहा. विमानात हातातल्या सामानात चालत नाही, मेट्रोतही अडवतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश असेल तेव्हा सुरी बाळगण्यावरही बंदी येते. मी गावात, बागेत वापरतो आणि तालुक्याला जाताना घरी ठेवतो. लोकांना मिटणारा चाकू म्हटलं की रामपुरीच आठवतो, त्यामुळे चारचौघांत उगाच उघडत नाही.

रोज पुसणं जमणार नसेल त्यांनी स्टेनलेस पात्याचा ८ नंबर घ्यावा. मूठ तीच असते, म्हणजे जवसाचं तेल तिथेही लागेलच. मुंबई-पुण्यात फळं कापायला आणि पार्सलं उघडायला ६ नंबर भरपूर झाला. पातं साधारण सात सेंटिमीटर, आणि कुलपाचं कडं त्यालाही आहे.