बाईकपॅकिंगच्या भाड्याच्या बॅगा, कोकणातला रस्ता आणि कापलेलं डिपॉझिट

आधीच सांगते, हा रिव्ह्यू बॅगांचा आणि त्या भाड्याने देणाऱ्या दुकानाचा आहे, सायकलचा नाही. सायकल माझीच जुनी हायब्रिड आहे, ती बदल असा सल्ला घरचे रोज देतात, तेवढे पुरे.

तर ठाण्याच्या बाजूला एक सायकलवाला आहे, नाव टाकत नाही कारण खाली तक्रारपण आहे आणि माणूस ओळखीतला आहे. तो गेल्या सीझनपासून बाईकपॅकिंगचा, म्हणजे सायकललाच सामान बांधून लांब फिरायच्या बॅगांचा, सेट भाड्याने देतोय. सेटमध्ये तीन नग, सीटच्या मागे लटकणारी सीटपॅक साधारण १४ लिटरची, हँडलला पुढून बांधायचा रोल आणि फ्रेमच्या त्रिकोणात बसणारी फ्रेम बॅग, वर टॉप ट्यूबला (फ्रेमच्या वरच्या दांड्याला) लावायची छोटी बॅग फ्री. दिवसाला २५० रुपये, डिपॉझिट ३०००. हाच सेट नावाजलेल्या परदेशी कंपनीचा विकत घ्यायला गेलात तर तीस हजारांच्या पुढे बिल सहज जातं, देशी कंपन्यांचा बराच स्वस्त पडतो, पण वर्षातून एखाद-दोनदा बाहेर पडणाऱ्या माणसाने तेवढेही का घालायचे, आणि मुंबईच्या घरात ठेवायच्या कुठे हा वेगळाच प्रश्न. म्हणून भाड्याची आयडिया मला पटली.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. आपण आत्तापर्यंत लांब जायचं म्हटलं की मागे कॅरिअर लावायचो आणि दोन बाजूंना पॅनिअर, म्हणजे लटकत्या बॅगा. इथे कॅरिअर नाही, बॅगा सरळ सायकलला पट्ट्यांनी आवळायच्या. हे आलं खडबडीत रस्त्यांवरून. कॅनडातल्या बँफपासून अमेरिका-मेक्सिको सीमेपर्यंत रॉकी पर्वताच्या कडेने साधारण ४४०० किलोमीटरचा रूट आहे, बहुतेक माती आणि खडी, त्यावर २००८ पासून टूर डिव्हाइड नावाची रेस होते, बॅकअप गाडी नाही, आपलं सामान आपणच वाहायचं. असल्या रस्त्यावर कॅरिअरचे बोल्ट हादरून सैल होतात, बाजूच्या बॅगा झुडपात नाहीतर दगडात अडकतात, म्हणून सामान सायकलच्या रुंदीत बसवायची ही पद्धत रुळली. आता आपल्याला जायचंय रेवदंडा ते मुरूड, रॉकी पर्वत ओलांडायचा नाहीये, हे मात्र डोक्यात ठेवा, कारण अर्धा रिव्ह्यू त्याच्यावरच आहे.

मी आणि माझी नणंद, दोघी निघालो. रूट तोच, जो मुंबईतला प्रत्येक जण करतो. पहाटे मुलुंडहून एलबीएस रोडने भाऊचा धक्का, तिथून मांडव्याची रो-रो (गाड्या नेणारी बोट, ही २०२० ला चालू झाली आणि खरं सांगायचं तर मुंबईकरांच्या बाईकपॅकिंगचं निम्मं श्रेय हिलाच जातं), तासाभरात पलीकडे, मग अलिबाग, रेवदंड्याचा पूल, कोर्लई, काशिद, मुरूड, आगरदांड्याहून फेरीने दिघी, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडल्याहून पुन्हा फेरीने वेसवी आणि पुढे केळशी-आंजर्ले. रस्ता नकाशावर सपाट समुद्रकिनारा वाटतो, पण प्रत्येक खाडीनंतर एक चढ ठेवलेलाच आहे, आणि तो चढ अकराच्या उन्हातच येतो.

सीटपॅक. सगळ्यात मोठी आणि सगळ्यात त्रासदायक बॅग हीच. नीट भरली नाही की शेपूट हलल्यासारखी डावी-उजवी डोलते, चढावर उभं राहून पॅडल मारायला लागलं की जास्तच. उपाय सोपा आहे, जड वस्तू सगळ्यात आत, सीटपोस्टला (सीटखालच्या दांड्याला) चिकटून, कपडे मागच्या टोकाला, आणि वरचं तोंड गुंडाळायच्या आधी हवा दाबून काढायची. हे दुकानवाल्याने सांगायला हवं होतं, त्याने बॅग हातात दिली आणि म्हणाला यूट्यूबवर बघा. पॅकिंग जमल्यावर दिघीच्या पुढच्या खडबडीत पट्ट्यावरपण बॅग जागची हलली नाही, त्याबाबत पूर्ण मार्क.

पण उंची कमी असणाऱ्यांनी इथे नीट वाचा. माझी उंची पाच फूट दोन इंच, फ्रेम स्मॉल, म्हणजे सीट आणि मागच्या टायरमधलं अंतर आधीच कमी. रिकामी बॅग छान दिसली, भरल्यावर खड्ड्यात आदळली की खालून टायरला घासायची, कापडावर काळा पट्टा उमटला. शेवटी मी तिचं सामान निम्मं करून नणंदेच्या बॅगेत घातलं (ती पाच-सात आहे, तिला काही फरक पडला नाही, उलट मिरवत होती). फ्रेम बॅगचं तेच. स्मॉल फ्रेमच्या त्रिकोणात पूर्ण बॅग बसवली की पाण्याच्या बाटलीला जागाच उरत नाही, आणि कोकणात दर तासाला पाणी लागतं. हे सेट सरासरी पाच-आठच्या पुरुषाला डोळ्यासमोर ठेवून बनवलेले आहेत, बायकांना सायकल आवडत नाही म्हणून त्या दिसत नाहीत असं जे म्हणतात त्यांनी एकदा स्मॉल फ्रेमवर १४ लिटर लटकवून बघावं. दुकानात छोटी, आठ-नऊ लिटरची सीटपॅक आणि अर्धी फ्रेम बॅग ठेवायला काय हरकत आहे? विचारलं तर म्हणे डिमांड नाही. ठेवली नाही तर डिमांड कळणार कशी!

हँडल रोल मात्र मस्त. दोन्ही बाजूंनी उघडतो, आत दोघींचे हलके जॅकेट आणि चादरी गेल्या. दोन गोष्टी बघून घ्या, एक म्हणजे ब्रेकच्या केबल दाबल्या जात नाहीत ना, आणि दुसरं म्हणजे पुढची लाईट. रोल लावला की लाईटचा प्रकाश बॅगेवरच पडतो, पहाटे एलबीएस रोडवर हे कळलं तेव्हा लाईट काढून हेल्मेटला बांधली. ड्रॉप हँडलवाल्यांनी (रेसिंग सायकलसारखं खाली वाकलेलं हँडल) तर रुंदीपण मोजा, दोन वाकांच्या मध्ये रोल अडकला तर ब्रेक धरताना बोटं चेपतात.

पाण्याचं सांगते. दुकानात "शंभर टक्के वॉटरप्रूफ" म्हणून दिल्या होत्या. तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या दोन बॅगा खरंच तशा आहेत, शिवण नाही, जोड वितळवून चिकटवलेले, श्रीवर्धनला अवकाळी पावसाची एक मोठी सर अंगावर घेतली आणि आतले कपडे कोरडे. फ्रेम बॅगला चेन (झिप) आहे आणि चेन आली की वॉटरप्रूफ विसरा, पॉवर बँक आणि फोन प्लॅस्टिकच्या पिशवीतच ठेवा. त्यात कोकणात पाण्यापेक्षा मोठा शत्रू म्हणजे खारी हवा आणि बारीक वाळू. दिवेआगरला पोहोचेपर्यंत चेन अशी जाम झाली की केळं काढायला थांबून दोन्ही हात लावावे लागले. जिथे उतरलो त्या काकूंनी आतून मेणबत्तीचा तुकडा आणून चेनीवर घासला आणि म्हणाल्या, "आता ओढ बघू." सुटली! बॅगा बनवणाऱ्यांनी एक मेणबत्ती सेटमध्येच द्यावी.

आता मुख्य मुद्दा, एवढ्या बॅगा लागतात का? माझ्या मते आपल्याकडे नाही लागत. परदेशातल्या याद्या बघून लोक तंबू, स्लीपिंग बॅग, स्टोव्ह असं सगळं कोंबतात. अहो, किनाऱ्याच्या रस्त्यावर दर थोड्या अंतराला गाव आहे, गावात खानावळ आहे, सोलकढी आहे, होमस्टेची पाटी आहे. आम्ही तंबू नेला नाही आणि एकदाही आठवण आली नाही. दोन जोड कपडे, पावसाचं जॅकेट, दोन ट्यूब, पंप, टूल, ओआरएस, सनस्क्रीन, झालं. हो, आणि सायकलला बारीक तोंडाचा परदेशी वॉल्व्ह असेल तर तो पितळी ॲडॅप्टर नक्की घ्या, गावातल्या पंचरवाल्याच्या नळीला ते तोंड बसत नाही. एवढ्याला हँडल रोल आणि फ्रेम बॅग पुरते, सीटपॅक घरी ठेवली तरी चालेल. दुकानवाला मात्र सुटे नग देत नाही, पूर्ण सेटच घ्या म्हणतो, इथे माझा एक स्टार गेला.

दुसरा स्टार डिपॉझिटवर गेला. सीटपॅकचं एक बकल आधीपासून तुटलेलं होतं, झिप टायने बांधून दिलेलं, परत करताना त्याचेच ४०० रुपये कापले. मी नेताना सगळ्या बॅगांचे फोटो काढले होते, ते दाखवल्यावर बरीच कुरकुर करून पैसे परत दिले. तुम्हीपण काउंटरवरच, त्याच्यासमोर फोटो काढा. आणि बॅगा धुऊन देत नाहीत, माझ्या फ्रेम बॅगमध्ये आधीच्या माणसाच्या चिक्कीचा चुरा होता.

आता सगळे जो प्रश्न विचारतायत, की हे बाईकपॅकिंग खरंच सगळ्यांचं होतंय का, का चार हौशी लोकांचं खूळ आहे. सायकलवर सामान बांधून निघणं मुंबईला नवीन नाहीच. १५ ऑक्टोबर १९२३ ला इथून सहा पारशी तरुण जग फिरायला निघाले होते, त्यातले तिघे अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा मार्च १९२८ मध्ये फेरी पूर्ण करून परत आले, त्यांना कोणी टीपीयूच्या (प्लॅस्टिकसारख्या वॉटरप्रूफ कापडाच्या) बॅगा दिल्या नव्हत्या. पुण्याची वेदांगी कुलकर्णी विशीत असताना २०१८ मध्ये जग पालथं घालून आली. पण ही माणसं अपवाद आहेत, त्यांच्यावरून बँकेत काम करणारी बाई शनिवार-रविवारी काय करते ते कळत नाही.

मला वाटतं फरक २०२० नंतर पडला. लॉकडाऊनमध्ये लोकांनी सायकली घेतल्या, तेव्हा दुकानात मिळत नव्हत्या एवढ्या घेतल्या, त्यातल्या बऱ्याच आज बाल्कनीत कपडे वाळवायला आहेत, पण काही लोक पुढे सरकले. कोणी बीआरएमकडे गेले, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड, २०० किलोमीटर साडेतेरा तासांत वगैरे, आणि त्यातले काही घड्याळाला कंटाळून इकडे आलेत, यांना आरामात जायचंय, मासे खायचेत, दुपारी झोपायचंय. रो-रोवर शनिवारी सकाळी अशी मंडळी हटकून दिसतात. आगरदांड्याला तिकीटवाल्याने सायकल बघून काही विचारलं नाही, सरळ तिकीट फाडलं, आणि त्याच दिवशी एका होमस्टेवाल्या ताईंनी "सायकली पडवीत लावा, कुत्रा सीट खातो" असं आपणहून सांगितलं, म्हणजे आधी कोणाची तरी सीट खाल्लेली आहे.

पण मराठी माणसाचं मोठ्या प्रमाणावरचं सायकल टूरिंग अजून टेम्पोवाल्या पद्धतीचंच आहे. पंढरपूरची सायकल वारी घ्या नाहीतर ग्रुपने गोव्याला जाणं घ्या, पुढे शंभर सायकली आणि मागे सामानाचा टेम्पो. त्यात वाईट काही नाही, माझे सासरे पासष्टीत तसेच पंढरपूरला जाऊन आले, आणि नवीन माणसाला तेच सोपं. टेम्पो सोडून दोघी-तिघींनी आपलं सामान घेऊन निघणं हे त्यापुढचं पाऊल आहे, आणि ते टाकायला पंधरा मिनिटांत बांधता येणारी बॅग लागते, म्हणून या भाड्याच्या सेटचं मला महत्त्व वाटतं, कितीही कुरकुर केली तरी.

अडतं ते मुंबईतून बाहेर पडायला. सी लिंक बंद, कोस्टल रोड बंद, ईस्टर्न फ्रीवे बंद, अटल सेतू तर बंदच, सायकलला एकाही चकचकीत रस्त्यावर एंट्री नाही, म्हणजे अंधारात ट्रकच्या बाजूने जुन्या रस्त्यांनी जायचं. लोकलमध्ये सायकल नेणं म्हणजे मालडब्यात नशीब काढणं. एक्सप्रेसला पार्सलमध्ये बुक होते, पण छोट्या स्टेशनवर गाडी दोन-चार मिनिटं थांबणार, तेवढ्यात ब्रेकव्हॅन (पार्सलचा डबा) गाठायचा कसा. एसटीच्या टपावर पूर्वी चढवायचे, आताच्या बऱ्याच गाड्यांना वर जायला शिडीच नसते. म्हणून सगळे त्याच एका रो-रोच्या रूटवर गर्दी करतात, आम्हीपण आंजर्ल्याहून त्याच वाटेने परत आलो. जव्हार किंवा भंडारदरा इतकं सुंदर असून तिकडे जाणारे कमी, कारण आधी घोडबंदर नाहीतर कसाऱ्याचा हायवे झेलावा लागतो.

तर बॅगांना चार, दुकानाला तीन स्टार. उंची पाच-पाचच्या वर असेल, फ्रेम मीडियम असेल तर बिनधास्त घ्या. स्मॉल फ्रेमवाल्यांनी सायकल दुकानात घेऊन जा, बॅग भरून, बसून, दोन खड्ड्यांतून चालवून बघा आणि मगच पैसे द्या. त्याच्याकडे चारच सेट आहेत आणि नाताळच्या वीकेंडचे चारही आत्ताच गेलेत, जानेवारीचं हवं असेल तर फोन करून ठेवा, व्हॉट्सॲपला तो उत्तर देत नाही.